बागेतलं मूल आणि करडू: सोलापूरच्या उन्हात आणि मुलांच्या हाताखाली टिकणारं शिल्प

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरात तुमच्या वस्तीतल्या सार्वजनिक बागेत लहान मूल आणि प्राणी असं शिल्प बसवायचं ठरलंय. वर्गणी जमतेय, जागेसाठी महापालिकेकडे अर्ज गेलाय. समितीत कोणी म्हणतं भरत आणि सिंहाचा छावा करा, कोणी म्हणतं बाळकृष्ण आणि वासरू. फायबरवाल्याचा दर सगळ्यांत कमी आहे. मुलं वर चढून मोडतोड करतील, म्हणून चार फुटांचा चौथरा आणि भोवती लोखंडी कठडा असंही सुचवलं गेलंय. शिवाय इथल्या उन्हात काय टिकेल, ही मोठी काळजी.

मी याच जिल्ह्यात मूर्तिकाम करतो, दगडातही आणि ओतकामातही. माझं मत आधी सांगतो, कारणं मागून. चौथरा नको, कठडा नको, फायबर तर नकोच. आपल्या काळ्या दगडात, जमिनीलगत, बसलेलं मूल आणि त्याच्या मांडीवर मान टाकलेलं करडू करा. मुलं त्यावर चढणार, बसणार, लोंबकळणार हे गृहीत धरून करा. दगड कोणता, उंची किती, कान कसे, पाया कसा, झाड कुठल्या बाजूला, हे सगळं या एका गोष्टीवरून ठरतं.

दगडी जनावराला हात लावायची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. कुठल्याही शिवालयात नंदीजवळ बसून बघा. पाठ, वशिंड, शिंगांची मुळं, कानांच्या कडा काळ्याभोर आणि तुळतुळीत; पोटाखाली आणि पायांच्या घडीत, जिथे हात पोचत नाही, तिथे तोच दगड करडा आणि खरबरीत. मुद्दाम घोटायला कोणी बसलेलं नसतं. लोकांनी कानात गाऱ्हाणी सांगितली, पाठीवर हात ठेवला, पोरं वर बसली, आजीने रागावून उतरवलं आणि दर्शन होईपर्यंत पुन्हा बसूही दिलं. त्या हातांनी नंदी खराब झाला असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये बाल्टो नावाच्या कुत्र्याचं ब्राँझ आहे, १९२५ साली खडकावर बसवलेलं. मुलं बसून बसून त्याची पाठ झळाळती झालीय. बागेतल्या प्राण्याच्या शिल्पाचं हेच खरं आयुष्य, आणि ते कठडा घालून तुम्ही काढून घेणार असाल तर पैसे दुसऱ्या कामाला लावा.

कठडा घातला म्हणून मुलं थांबत नाहीत. ती कठड्यावरून जातात. वर भाल्याची टोकं असलेला लोखंडी कठडा हा त्या बागेतला सगळ्यांत धोकादायक भाग ठरतो. चौथऱ्याचंही तसंच. महापुरुषाच्या पुतळ्याला चौथरा शोभतो, कारण त्याच्याकडे मान वर करून बघायचं असतं. चार फुटांच्या चौथऱ्यावर मूल आणि करडू ठेवलं तर खालच्या खऱ्या मुलाला काय दिसेल? तळपाय आणि पोट. त्यात चढायचा मोह दुप्पट आणि पडायची उंचीही दुप्पट.

उंचीचा आकडा हवा असेल तर खेळाच्या साधनांसाठी युरोपात जो मानदंड वापरतात तो घ्या. साठ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीवरून पडणं असेल तर खाली खास मऊ थर सक्तीचा नसतो, त्यावर गेलात की लागतो. आपल्या शिल्पात करडाची पाठ जमिनीपासून ४५ सेंटिमीटर ठेवा, म्हणजे बसायच्या बाकाइतकी उंची मिळते. मुलाचं डोकं ७५ ते ८० सेंटिमीटरवर येईल. तिथवर कोणीतरी चढेलच, म्हणून भोवती दीड-दोन मीटरपर्यंत ३० सेंटिमीटर खोल धुतलेली वाळू. फरशी नको, पेव्हर ब्लॉक तर मुळीच नकोत.

आता विषय. भरताची कल्पना सुंदर आहे. छाव्याचा जबडा उघडून दात मोजणारं पोर, कुठल्याही मूर्तिकाराला हात शिवशिवावेत असा प्रसंग. पण त्यात उघडा जबडा आहे, दात आहेत, आणि खरी मुलं त्यात बोटं घालणार. ८ ते २५ मिलिमीटर रुंदीच्या फटीत मुलांची बोटं अडकतात, हे खेळाची साधनं बनवणारे जाणतात; दगडी जबड्यात अशा फटी हमखास राहतात. बाळकृष्ण केलात तर अडचण वेगळी. आठ दिवसांत हळदकुंकू लागेल, महिन्यात हार पडतील, वर्षात कोणीतरी भाविकपणे पत्र्याचं छत घालेल आणि मग मुलांना सांगितलं जाईल की चपला काढा, वर बसू नका. भक्तीत काही वावगं नाही. पण तुम्हाला देऊळ बांधायचं नव्हतं, बागेत मुलांना सोबत द्यायची होती. म्हणून मूल निनावी ठेवा. मोरपीस नको, बासरी नको, मुकुट नको.

प्राणी इथला असावा असं वाटणं स्वाभाविक आहे, आणि पहिली नावं येतात ती मानाची. नान्नजचा माळढोक, तिथलेच काळवीट. पण माळढोक माणसाची चाहूल लागली की दूर जाणारा पक्षी. त्याच्या गळ्यात पोराचा हात दाखवणं खोटं. पंढरपुरी म्हैस देखणी, पण तिचं देखणेपण तिच्या शिंगांत, खांद्याच्या मागेपर्यंत तलवारीगत गेलेल्या. चढणाऱ्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर ती नकोत. खिल्लार खोंडाचंही तेच. शिंगं फुटायच्या आधीचं पिल्लू घेतलं की हा प्रश्न सुटतो: वासरू, रेडकू, कोकरू किंवा करडू.

माझा कौल करडाला, तेही उस्मानाबादी शेळीच्या. शेजारच्या धाराशिवचं नाव लावणारी ही जात आपल्या जिल्ह्यातही दारोदारी आहे. बहुतेक काळी, अंगावर तुकतुकीत केस, लांब लोंबते कान. काळ्या दगडातून काळं करडू काढायचं म्हणजे रंगाचा प्रश्नच उरत नाही. शेळीचं पिल्लू आणि पाच वर्षांचं पोर यांचा स्वभावही एक, जिथे चढायला मिळेल तिथे चढणारे. बिडीच्या घरांत, हातमागाच्या गल्लीत, शहराबाहेरच्या वाड्यांवर कुठेही वाढलेल्या मुलाला करडू कुठल्या कथेतलं वाटणार नाही.

आता मूळ कामाकडे येतो. यासाठी तुम्ही मूर्तिकार नीट निवडला पाहिजे. अशा शिल्पाचा जीव असतो तो दोघं जिथे एकमेकांना टेकतात तिथे. मूल चांगलं, करडू चांगलं, आणि दोघं शेजारी ठेवल्यासारखी, अशी कितीतरी शिल्पं बागांत उभी आहेत. मुलाचा हात करडाच्या पाठीवर असतो, पण हाताखाली काही होत नाही. वजन नाही, ऊब नाही.

चार-पाच वर्षांचं मूल करडाला कुरवाळत नसतं. धरतं. करडू निसटणार हे त्याला ठाऊक असतं. तळवा पूर्ण मानेवर चिकटलेला, बोटं फाकलेली, अंगठा जबड्याच्या खाली, करंगळी मात्र मोकळी. हाताच्या पुढे मानेच्या सैल कातडीच्या दोन-तीन वळ्या गोळा होतात आणि मागच्या बाजूला कातडी ताणली जाते. मातीकाम करताना मी आधी मान पूर्ण करून घेतो, मग हात वेगळा करून त्यावर दाबतो, दाबल्यावर जी माती वर येते ती तशीच ठेवतो आणि तिथूनच वळ्या काढतो. हात आणि मान वेगवेगळी कोरून चिकटवली तर ही वर आलेली कडा कधीच येत नाही. करडाकडूनही उत्तर हवं. ते मान टाकून बसलं असलं तरी कान सारखे नसतात. मुलाकडचा कान त्याच्या पोटरीवर पसरलेला, दुसरा थोडा मागे वळलेला, बाहेरचा आवाज घेणारा. खुब्याच्या बाजूला अंग किंचित ताठ, कोणत्याही क्षणी उठेल असं. एवढं साधलं तर माणूस लांबून बघून थांबतो.

जुन्यांनी हे ओळखलं होतं. ग्रीकांच्या उत्तरकाळातलं हंसाशी झोंबणारं बालक आज रोमन संगमरवरी प्रतींतून म्युनिक, रोम, पॅरिसला बघायला मिळतं. तीन-चार वर्षांचं गुबगुबीत पोर दोन्ही हातांनी हंसाची मान आवळून, पाय फाकवून मागे रेललंय. हंस पुढे ओढतोय. दोघांचे जोर उलट दिशेला, आणि त्या ओढाताणीवर अख्खं शिल्प उभं आहे. शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये केलेलं संथाळ कुटुंब बघा. कावड, टोपलीतलं मूल, सोबतीला कुत्रा, सगळी एकाच चालीत निघालेली. कुत्र्याला वेगळा भाव दिलेला नाही, तो त्या चालण्यात सामील आहे, म्हणूनच तो खरा.

अंगाची मापं चुकली तर हे सगळं वाया जातं. मोठ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साडेसात पट धरतात. पाच वर्षांच्या मुलाची साडेपाच पट. हे न पाळता मोठा माणूस लहान करून ठेवला की बुटका पुरुष दिसतो, मूल दिसत नाही. पोट पुढे, पाठीला बाक, गुडघ्यांवर खळ्या, मनगटाशी वळी. डोळे चेहऱ्याच्या मध्यरेषेच्या खाली. करडाचे पाय अंगाच्या मानाने लांब आणि सांधे मोठे. मागच्या पायात मध्येच उलटा वाकलेला जो सांधा दिसतो तो गुडघा नसून घोटा आहे. गुडघा वर पोटाजवळ असतो. हे न कळता केलेली जनावरं बागांमध्ये भरपूर आहेत. मूर्तिकार निवडताना त्याला सांगा, सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात एक सकाळ बसून कच्ची चित्रं काढून आण. जो आनंदाने जाईल त्याला काम द्या.

माध्यमाबद्दल. फायबर म्हणजे काचेच्या तंतूंवर राळ चढवलेली पोकळ खोळ, आत लोखंडी सांगाडा. सावलीत, घरात ठीक. सोलापूरच्या उन्हात वरचा थर पांढरा पडून भुकटी होतो, मग तडे जातात, मग काचेचे तंतू उघडे पडतात. त्यावर बसणाऱ्या मुलाच्या मांड्यांना खाज सुटते, बारीक कुसळं रुततात. दर दोन-तीन वर्षांनी रंग द्यावा लागतो आणि प्रत्येक थराबरोबर बोटं, पापण्या, वळ्या बुजत जातात. स्वस्त दर एकदाच दिसतो, रंगाचा खर्च कायमचा.

सिमेंटचं काम हलक्या हाताने बाजूला सारू नका. रामकिंकरांचं ते शिल्प सिमेंट आणि जांभ्याच्या खडीचंच आहे, आणि ज्याच्याकडे पैसा नाही त्यालाही मोठं काम करता येतं हे त्यांनी दाखवलं. पण आतली सळई वर आली की संपलं. लोखंड गंजलं की फुगतं आणि वरचं सिमेंट फोडून बाहेर पडतं. सळईवर निदान अडीच सेंटिमीटर सिमेंट हवं, म्हणजे कान, बोटं, शेपूट बारीक करता येत नाहीत. पाणीही भरपूर लागतं. मे महिन्यात केलेलं काम ओल्या गोणपाटाखाली दोन आठवडे राहिलं नाही तर वरचा थर भुसभुशीत होतो. सिमेंटमध्ये करायचंच असेल तर दिवाळीनंतर सुरू करून संक्रांतीपर्यंत, गड्ड्याच्या यात्रेआधी, उरका.

ब्राँझ टिकतं, बारकावे जपतं. हिशेब सोपा आहे. आपल्या मापाच्या शिल्पाचा पृष्ठभाग सुमारे दोन चौरस मीटर, जाडी पाच मिलिमीटर, म्हणजे धातू साधारण ८८ किलो. त्यावर मेणाचं काम, साचे, ओतणं, जोडणं, घासणं. माझे आक्षेप तीन. पहिला, बाजारात नेहमीचं ओतकामाचं ब्राँझ असतं त्यात तांबं ८५ टक्के आणि कथील, जस्त, शिसं पाच-पाच टक्के. मुलं हात लावून तोच हात तोंडात घालणार तिथे शिसं नको. ब्राँझच करायचं तर सिलिकॉन ब्राँझ मागा, त्यात शिसं घालत नाहीत, आणि तसं कागदावर लिहून घ्या. दुसरा, चोरी. तांब्याचा भाव बघता कान आणि शेपूट करवतीने कापून नेलेली शिल्पं देशभर सापडतील. तिसरा आणि मोठा, ऊन.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ च्या वर जातो तो सावलीतला. थेट उन्हातला गडद धातू ६० अंशांच्या पुढे सहज पोचतो आणि तेवढ्या तापलेल्या धातूला टेकलेली लहान मुलाची कातडी काही सेकंदांत भाजते. काळा दगडही तापतो, खूप तापतो. पण धातू आपली उष्णता हाताला झपकन देतो, दगड सावकाश. मूल चटका बसताच हात काढून घेऊ शकतं. तरी दगडाची एक खोड आहे. दिवसभर साठवलेली उष्णता तो सूर्य मावळल्यावरही सोडत राहतो, आणि आपल्या बागा भरतात त्या नेमक्या संध्याकाळी. त्यामुळे सावली हा या शिल्पाचा भागच समजा.

दुपारचा सूर्य पश्चिमेकडे कलतो, म्हणून झाड शिल्पाच्या पश्चिमेला हवं, फार लांब नको. पण तेवढ्याने भागत नाही. सोलापूर सुमारे १७.७ अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशी नाहीशी होते. त्या दिवसांत भिंत, खांब, शेजारची इमारत काही कामाची नाही. वर पसरलेला घेरच लागतो. कडुनिंब उत्तम. त्याचा पाचोळा बारीक, मुळं तुलनेने शहाणी. वड-पिंपळाखाली नको, मुळं पाया उचलतात. आज झाड नसेल तर शिल्प होईपर्यंतच्या वर्षात लावून टाका आणि ते मोठं होईस्तोवर वर साधी हिरवी जाळी बांधा.

दगड निवडताना पाथरवटाला सोबत घ्या. आपल्याकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या करणारी वडार मंडळी आहेत, दगड त्यांच्याइतका कोणाला कळत नाही. ठोकळ्यावर हातोडी मारली की खणखणीत वाजला पाहिजे. बद्द आवाज आला तर आत कुठेतरी शीर आहे. जांभळट, बुडबुड्यांच्या भोकांचा किंवा पांढऱ्या गाठी असलेला दगड भिंतीला चालतो, चेहऱ्याला नाही; छिन्नी नाकाशी पोचली आणि गाठ निघाली तर करणार काय? सगळीकडून पाणी मारा. ओला दगड वाळताना चिरेत ओल मागे राहते आणि काळी रेघ दिसते. १.२ मीटर लांब, ९० सेंटिमीटर रुंद, ८० उंच असा ठोकळा लागेल, वजन सुमारे अडीच टन. क्रेनची सोय आधी बघा. बागेच्या दारातून आत जाते का, तेही.

काळ्या दगडाच्या टिकाऊपणाबद्दल कोणी शंका घेतली तर त्याला हत्तरसंग कुडलला घेऊन जा. भीमा-सीनेच्या संगमावर देवळाच्या तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. हजार वर्षांनंतरही छिन्नीची अक्षरं वाचता येतात. आणि तिथली बहुमुखी शिवपिंडी बघा, एकाच दगडात शेकडो मुखं. इथल्या कारागिरांनी या दगडात काय केलंय ते मुलांना दाखवायला हीच सहल पुरे.

दगड मात्र आपल्या अटी घालतो. बारीक, सुटं, लांब काही सहन करत नाही. उभ्या करडाचे चार पाय कोरले तर एखाद्या दिवाळीच्या सुट्टीत त्यातला एक जाणारच. म्हणून बसलेलं करडू, पाय अंगाखाली दुमडलेले, शेपूट खुब्याला चिकटलेली, कान मानेवर आणि मुलाच्या पोटरीवर टेकलेले. मुलाचा एक गुडघा वर, दुसरा आडवा. हात आणि छातीमधली पोकळी बंद ठेवा. ९ ते २३ सेंटिमीटर रुंदीची आरपार जागा असली तर त्यात मुलाचं अंग जातं आणि डोकं अडकतं. एकतर ती त्याहून लहान हवी किंवा मोठी. सगळ्या कडा निदान तीन मिलिमीटर गोल, मी तर एक सेंटिमीटर करतो. या सगळ्या बंधनांनी शिल्प बिघडत नाही. उलट मूल आणि करडू एकमेकांत मिसळतात, कुठून बघावं तरी एकच गोळा दिसतो, आणि स्पर्शाची ती जागा मधोमध येते.

काळ्या दगडाला रंग लागत नाही हे वर म्हटलं, पण त्यात दोन छटा दडलेल्या असतात. टाकीचे घाव ठेवलेला भाग करडा दिसतो, घोटलेला भाग काळा. करडाचं अंग घोटून काढा, मुलाच्या सदऱ्यावर आणि केसांवर टाकीचे घाव तसेच ठेवा, चेहरा-हातपाय मधल्या घोटाईत. पुढचं काम बागेतली मुलं करतील. जिथे सगळ्यांत जास्त हात लागतील तो भाग दरवर्षी आणखी गडद होत जाईल. दृष्टी नसलेल्या मुलांना हा फरक बोटांनी कळतो, त्यांच्यासाठी एका बाजूने वाळूऐवजी सपाट, टणक वाट ठेवा. चाकाच्या खुर्चीलाही तीच उपयोगी पडेल.

चेहरा खाली वळवायचा की वर? मूल करडाकडे बघत असेल तर चेहरा खाली जातो, आणि वरून येणाऱ्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. मोठ्या माणसांना फक्त डोक्याचा भोवरा दिसतो. मला त्यात वावगं वाटत नाही. शिल्प जमिनीलगत आहे; वाळूत बसलेलं खरं मूल खालून बघेल तेव्हा तो चेहरा फक्त त्यालाच पूर्ण दिसेल. ज्याला बघायचं असेल त्या मोठ्या माणसाने खाली बसावं. फक्त डोळ्यांच्या खोबणी उथळ ठेवा आणि वरची पापणी पुढे आणू नका.

पाया. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. लोकांना वाटतं अडीच टनांचा दगड खचेल. खरं तर एक चौरस मीटरवर अडीच टन हे ओझं हलकं आहे, आणि हलक्या वजनाला काळी माती वर उचलते. एका बाजूला हिरवळीचं पाणी आणि दुसऱ्या बाजूला कोरडी जमीन असली तर शिल्प दोन-तीन वर्षांत कलतं. मुरूम लागेपर्यंत खोदा, काळी माती पूर्ण काढा, चांगला मुरूम थराथराने पाणी मारून ठोकून भरा, मग काँक्रीट. भोवतीचं पाणी बाहेर जाईल असा उतार द्या. दगड बसवायला स्टेनलेस स्टीलचे खुंटे, साधं लोखंड नको. हिरवळीच्या फवाऱ्याचं तोंड शिल्पापासून फिरवा. बोअरचं जड पाणी काळ्या दगडावर पांढरे ओघळ सोडतं आणि ते घासून जात नाहीत.

राहिला करार. सगळ्यांत कमी दर घेऊ नका, आधी छोटा नमुना मागवा, त्याचे पैसे द्या, आणि तो मुलांच्या हातात देऊन बघा. महापुरुषांच्या पुतळ्यांसाठी मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घेतात; तुम्हीही पूर्ण मापाचा मातीचा नमुना समितीने मंजूर केल्याशिवाय दगडाला टाकी लावू देऊ नका. महापालिकेची परवानगी लेखी असावी आणि त्यात देखभाल कोणाकडे तेही असावं. करारात ऑइलपेंट लावायचा नाही, असं स्पष्ट लिहा. नाहीतर एखाद्या पंधरा ऑगस्टच्या आधी कोणीतरी हौसेने करडू चकचकीत काळं आणि मुलाचा सदरा तिरंगी करून ठेवेल. देणगीदारांची नावं शिल्पावर किंवा बैठकीवर नकोत, बागेच्या दाराशी पाटी लावा. वर्षातून एकदा साध्या पाण्याने आणि नायलॉनच्या ब्रशने धुणं, महिन्यातून एकदा वाळू उलटीपालटी करून काचा-खिळे वेचणं, एवढीच देखभाल. ॲसिड कोणालाही वापरू देऊ नका. आणि मूर्तिकाराच्या रकमेतले दहा टक्के एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाईपर्यंत राखून ठेवा. त्या काळात पाया हलला नाही आणि कडेचा टवका उडाला नाही, तर ते त्याला हसतमुखाने द्या.